‘बंद करून चालू केली की ठीक होते’: चढावर गिअर सोडणाऱ्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी सहा वर्षांची, ७८ हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी संपून नऊ महिने झालेले. पेट्रोल इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत. रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम देतात, त्यामुळे रोजचं साठ-सत्तर किलोमीटर चालवणं ठरलेलं, त्यातलं निम्मं महामार्गावर. अठरा वर्षांत एकही अपघात नाही, सर्व्हिसिंग कधी चुकवलेलं नाही. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांच्या चालवण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. घरात गाडी चालवणारं आणखी एक माणूस होतं: नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा.

माझं काम वाहनांमधले दोष शोधण्याचं. या प्रकरणात मी खऱ्या अर्थाने तिसऱ्या महिन्यात आलो. त्याआधी एकदा त्यांनी मला फोन केला होता आणि मी चुकीचा सल्ला दिला होता. त्याबद्दल पुढे येईलच.

गिअरबॉक्सची रचना थोडी समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात. या गाडीत एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो. दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. चालकाच्या पायाखाली क्लच नसतो. तो दाबण्याचं काम तेलाच्या दाबावर होतं. एक छोटा विजेवरचा पंप तेलाचा दाब तयार करतो, हा दाब एका साठवण-नळकांड्यात भरून ठेवला जातो, आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, त्यातून लागेल तेवढा दाब क्लचला आणि गिअर बदलणाऱ्या दांड्यांना देतं. दाब गेला तर या प्रकारात दोन्ही क्लच आपोआप उघडतात. म्हणजे गाडी न्यूट्रलला जाते. इंजिन चालू राहतं, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदतही चालू राहते, फक्त चाकांपर्यंत ताकद पोचत नाही. गिअरबॉक्स जागच्या जागी अडकून चाकं जाम होण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण न्यूट्रल झालेली गाडी कुठे उभी आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

तक्रार कशी वाढत गेली

पहिली खूण अगदी साधी होती. एका सकाळी पार्किंगमधून निघताना रिव्हर्स पडायला पाच-सहा सेकंद लागले. रात्रभर उभ्या गाडीत दाब उतरलेला असतो, पंपाला तो पुन्हा भरावा लागतो, त्यामुळे किंचित वेळ लागणं समजण्यासारखं आहे. पाच-सहा सेकंद मात्र समजण्यासारखे नाहीत. बाईंनी इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. रिव्हर्स लगेच पडला.

दहा-बारा दिवसांनी, दुपारच्या वेळी, तासभर रखडत चाललेल्या रहदारीनंतर सिग्नलला गिअरचा आकडा लुकलुकला आणि पडद्यावर संदेश आला: गिअरबॉक्समध्ये दोष आहे, गाडी चालवत राहता येईल. पुन्हा बंद-चालू, पुन्हा ठीक. संदेशही गेला.

तिसऱ्या वेळी बाई एका चौकात समोरची रहदारी ओलांडून वळत होत्या. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनने आवाज केला, गाडी हलली नाही. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारून बाजूने काढली. तीन-चार सेकंदांनी गिअर एका झटक्यात पडला आणि गाडी उडी मारल्यासारखी पुढे गेली.

या वेळी त्या घाबरल्या आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेल्या. सकाळी गाडी सोडली, संध्याकाळी परत मिळाली. जॉबकार्डवर ओळ अशी: ‘स्कॅन केले, जुना कोड क्लिअर केला, क्लच ॲडाप्टेशन केले, ६ किमी ट्रायल घेतली, दोष आढळला नाही.’ (कोड म्हणजे कंट्रोल युनिटने नोंदवलेल्या दोषाची खूण; ॲडाप्टेशन म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला नव्याने शिकवणं.) सर्व्हिस ॲडव्हायझरने तोंडी सांगितलं, “मॅडम, सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू रेंगाळू नका, या गिअरबॉक्सला ते चालत नाही.”

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते वाक्य पचून गेलं. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचच्या गाडीत रांगत राहिल्याने क्लच तापतो, झिजतो. पण क्लच तापला म्हणून सकाळच्या थंड गाडीत रिव्हर्स उशिरा पडत नाही. दोन खुणा एकत्र ठेवल्या असत्या तर संशय क्लचवरून उठून दाबाकडे गेला असता. त्या एकत्र ठेवल्या गेल्या नाहीत, कारण जॉबकार्डवर फक्त शेवटची तक्रार लिहिली होती.

याच सुमारास मला फोन आला. मी विचारलं, “आत्ता दिवा पेटलेला आहे का?” त्या म्हणाल्या, “नाही, बंद केली की जातो.” मी म्हणालो, मग पुढच्या सर्व्हिसिंगला सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. दोन मिनिटांत फोन संपला. किती वेळा झालं, कुठे झालं, त्या वेळी गाडी तापलेली होती का, मी काहीच विचारलं नाही.

पुढच्या सात आठवड्यांत असं आणखी पाच वेळा झालं. त्यांना आता सवय झाली होती. दोनदा तर त्यांनी कमी वेगात, गाडी रांगत असतानाच बटण दाबून धरून इंजिन बंद-चालू केलं. मुलाला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. “त्याला उगीच भीती बसेल,” असं त्या नंतर म्हणाल्या. त्या सात आठवड्यांत मुलानेही गाडी चालवली होती.

चढावरचं अर्धं मिनिट

महामार्गावर साधारण चार टक्क्यांचा लांब चढ. पुढे टँकर. बाई त्याला ओलांडायला दुभाजकाकडच्या लेनमध्ये गेल्या, वेग ८०. टँकरच्या मागच्या चाकांच्या बरोबरीला आल्या असताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरचा काटा एकदम साडेचार हजारांवर गेला आणि गाडी ओढेनाशी झाली.

त्यांनी पहिल्यांदा केलं ते बहुतेक जण करतील: ॲक्सिलरेटर आणखी दाबला. फक्त आवाज वाढला. अशा चढावर ८० च्या वेगातली न्यूट्रल गाडी दहा सेकंदांत ५५ च्या आसपास येते. टँकर पुढे निघून गेला, त्यामागची गाडी आता त्यांच्या बाजूला होती, आणि मागे त्यांच्याच लेनमध्ये बस होती. बसवाल्याला कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी ब्रेक दाबलेला नव्हता, म्हणजे ब्रेकचे दिवे पेटलेले नव्हते. गाडी मात्र ब्रेक लावल्यासारखी मंदावत होती. या प्रकारच्या बिघाडातला मला सर्वांत जास्त खटकणारा भाग हाच. गाडी थांबत चालली आहे हे फक्त आत बसलेल्याला माहीत असतं.

बसचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांचा हात सवयीने स्टार्ट बटणावर गेला. त्यांनी ते एकदा दाबलं. काही झालं नाही, आणि हेच नशीब. बटणाच्या बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीचं इंजिन एका दाबाने बंद होत नाही. बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं किंवा पटापट अनेकदा दाबावं लागतं. इंजिन बंद झालं असतं तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर एक-दोन पूर्ण दाब मिळाले असते, त्यानंतर पेडल दगडासारखं. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगची मदत तर तेव्हाच गेली असती. गाडी चालू ठेवून न्यूट्रल सहन करणं आणि गाडी बंद करून सगळंच गमावणं, यातला फरक त्या क्षणी त्यांना ठाऊक नव्हता. दुसऱ्यांदा बटण न दाबता त्यांनी हॅझार्ड लाइट लावले.

बस मंदावली. बाजूच्या लेनमधल्या गाड्या दोन-तीन सेकंद थांबल्याने बाईंना जागा मिळाली आणि कडेच्या पट्टीवर येईपर्यंत वेग २५ च्या खाली आला होता. थांबल्यावर गाडी मागे घरंगळू लागली, कारण ‘डी’ वर असूनही आत काहीच जोडलेलं नव्हतं. त्यांनी हँडब्रेक ओढला, ‘पी’ लावला, रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरल्या आणि कठड्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

निर्णयाचा क्षण याच्यानंतरचा आहे. पाच मिनिटांनी त्यांनी इंजिन बंद करून चालू केलं, आणि गिअर पडला. अगदी मऊ, काहीच झालं नसल्यासारखा. पडद्यावर पुन्हा तेच: गाडी चालवत राहता येईल. वीस किलोमीटरवर रुग्ण वाट पाहत होता. त्यांनी मला फोन केला तो परवानगी मागायला. मी गाडी बंद करायला सांगितलं, कोणालाही स्कॅनर लावून काही क्लिअर करू द्यायचं नाही असं सांगितलं, आणि टो करायला चारही चाकं वर घेणारा ट्रक बोलवायला सांगितलं.

बंद-चालूने गाडी ठीक का व्हायची

हे कोडं सुटलं तेव्हा सगळं प्रकरण उलगडलं. साठवण-नळकांडं ज्या ॲल्युमिनियमच्या बैठकीत बसतं तिथे केसाएवढी भेग होती. तिथून तेल झिरपत होतं, त्यामुळे दाब टिकत नव्हता आणि पंप सारखा धावत होता. पंप मर्यादेपेक्षा जास्त वेळ चालला की तो जळू नये म्हणून कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. पंप बंद, दाब खाली, क्लच उघडे, गाडी न्यूट्रल. इग्निशन बंद-चालू केलं की मोजणी नव्याने सुरू होते, पंप पुन्हा धावतो, दाब भरतो, गिअर पडतो. तेल तापून पातळ झालं की भेगेतून जास्त वेगाने जातं, म्हणून हे दुपारी, रहदारीत, चढावर व्हायचं आणि वर्कशॉपच्या थंड सहा किलोमीटरांत व्हायचं नाही.

म्हणजे बंद-चालू हा उपाय नव्हताच. पंपाला मिळालेली ती मुदतवाढ होती. आणि वर्कशॉपने क्लिअर केलेल्या कोडबरोबर त्या वेळची नोंदही पुसली गेली: वेग किती होता, तेलाचं तापमान किती, पंप किती चालला होता. कोड नोंदवताना कंट्रोल युनिट अशी माहिती गोठवून ठेवतं. दोष शोधणाऱ्याला ती सोन्यासारखी.

कोणते पर्याय होते

टो केल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही बसून बोललो. बाईंच्या यजमानांचं म्हणणं होतं की महामार्ग टाळून गाडी गावातल्या गावात वापरावी आणि बदलायची वेळ आली की काढून टाकावी. हा पर्याय मी लगेच बाद करायला सांगितला. मोटारसायकलवाला वाचला होता तो गावातल्याच चौकात.

गाडी आहे त्या स्थितीत विकणं हा दुसरा पर्याय. तो कायद्याच्या चौकटीत कितपत बसतो हा वेगळा प्रश्न. बाईंनीच तो नाकारला. “मी बसायला घाबरते त्या गाडीत दुसऱ्या कोणाला बसवू?” एवढंच त्या म्हणाल्या.

वर्कशॉपची सूचना होती की पुन्हा ॲडाप्टेशन आणि सॉफ्टवेअर अपडेट करून पाहू, नाही जमलं तर संपूर्ण मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे पंप, दाबाचे भाग आणि कंट्रोल युनिट असा अख्खा संच, बदलू. पहिल्या भागात फक्त वेळ जाणार होता. दुसरा भाग उपयोगी पण महागडा, आणि नेमका दोष न शोधता केलेला. गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका कारागिराकडून फक्त फुटलेली बैठक बदलून घेणं त्याहून स्वस्त होतं. पण तसं केलं असतं तर कंपनीकडे दाद मागायला पुरावा उरला नसता.

शेवटी ठरलं ते असं: आधी मोजायचं, मग लेखी मागायचं, आणि तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

काय केलं

मी गाडीला स्कॅनर लावून सुरुवातीलाच सगळे कोड आणि गोठवलेली माहिती जतन केली, तारीख-वेळेसह. मग मोकळ्या जागेत गाडी उभी ठेवून, गरम होईपर्यंत, तेलाचा दाब आणि पंपाचं चालू-बंद होणं चाळीस मिनिटं नोंदवलं. गिअर न बदलता उभ्या गाडीत पंप दर नऊ ते अकरा सेकंदांनी धावत होता. आकडा चांगला की वाईट हे ठरवायला त्याच प्रकारची, जवळपास तेवढीच चाललेली दुसरी गाडी मिळवली आणि तीच मोजणी तिच्यावर केली. तिचा पंप मिनिटभराहून जास्त वेळ गप्प राहत होता. हे दोन आलेख एकाखाली एक ठेवल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

बाईंनी आपलं काम चोख केलं. फोनवरचे संदेश, रुग्णांच्या भेटींच्या वेळा, पेट्रोलच्या पावत्या यांच्या आधाराने त्यांनी नऊच्या नऊ घटनांची यादी तयार केली: तारीख, किती वेळ गाडी चालली होती, वेग, पडद्यावर काय आलं, काय केल्यावर ठीक झाली. मुलालाही विचारलं. त्याने सांगितलं की त्याच्या हातूनही एकदा असं झालं होतं, पण आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून तो गप्प राहिला. यादी दहाची झाली.

ही यादी, दोन आलेख आणि ‘दोष आढळला नाही’ लिहिलेलं जॉबकार्ड जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र गेलं. पत्रात ‘गिअरबॉक्स नीट चालत नाही’ असं कुठेही लिहिलं नाही. ‘चालत्या गाडीत, चेतावणीशिवाय, चाकांची ताकद जाते’ असं लिहिलं. हा शब्दांचा आग्रह माझा होता, आणि त्यामागे कारण आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. चालत्या गाडीत किल्ली घसरून इंजिन बंद पडायचं, एअरबॅगही निकामी व्हायच्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. कंपनीनेच नेमलेल्या चौकशीतून पुढे आलं की चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं ही गोष्ट आत वर्षानुवर्षं ‘ग्राहकाची गैरसोय’ या सदरात पडून होती. तक्रार कोणत्या सदरात जाते यावर ती कोणाच्या टेबलावर जाते हे ठरतं.

उत्तर आलं त्यात चालवण्याच्या पद्धतीचा उल्लेख पुन्हा होता. तेव्हा आणखी एक दाखला कळवला: २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला ड्युअल क्लच गाड्यांच्या तक्रारी हाताळण्यावरून एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गाडीची थरथर चालवण्याच्या पद्धतीमुळे होते असं ग्राहकांना सांगितलं जात होतं, हा त्या प्रकरणातला कळीचा मुद्दा होता. आमच्या गाडीचा त्या गाड्यांशी संबंध नव्हता. पण ‘दोष चालकाचा’ असं म्हणायचं तर त्यालाही मोजणी लागते, हे सांगायला तो पुरेसा होता. त्याचबरोबर वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडेही तक्रार नोंदवली.

निष्पत्ती

पाच आठवडे गाडी उभी राहिली. त्या काळात बाईंनी लांबच्या चार रुग्णांना नकार दिला. त्यातले दोन परत आले नाहीत. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

कंपनीने तपासणीसाठी दुसऱ्या शहरातला तंत्रज्ञ पाठवला. युनिट उघडल्यावर भेग दिसली, आजूबाजूचा भाग तेलाने माखलेला होता. वॉरंटी संपलेली असूनही भागाची पूर्ण किंमत कंपनीने सोसली, मजुरी बाईंनी दिली. बदललेली बैठक जाड भिंतीची, सुधारलेली होती. म्हणजे जुनी कमकुवत होती हे कोणालातरी माहीत होतं. तसं लेखी मात्र कोणी दिलं नाही. सरकारी यंत्रणेकडून पोच आली, पुढे काही नाही.

दुरुस्तीनंतर मी तीच चाळीस मिनिटांची मोजणी पुन्हा केली. पंप आता त्या दुसऱ्या गाडीइतकाच शांत होता. पडद्यावरचा ‘गाडी चालवत राहता येईल’ हा संदेश अशा गाड्यांमध्ये अजून तसाच येतो. हा मला या प्रकरणाचा न सुटलेला भाग वाटतो. कंट्रोल युनिटला दाब पडल्याचं कळत होतं, पंप आपण स्वतः बंद केल्याचंही कळत होतं. तरी चालकाला ते ‘चालवत राहा’ म्हणत होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पहिल्या दोन आठवड्यांत होती. उशिरा पडलेला रिव्हर्स आणि सिग्नलवरचा संदेश या दोन नोंदी कागदावर असत्या आणि पडद्याचा फोटो काढलेला असता, तर वर्कशॉपला फक्त शेवटची घटना सांगितली गेली नसती. गाडी तापवून ट्रायल घ्या, आणि मी शेजारी बसते, असा आग्रह धरता आला असता. जॉबकार्डवर सही करण्याआधी ‘कोड क्लिअर करण्यापूर्वी प्रिंट द्यावी’ एवढी एक ओळ लिहून घेता आली असती.

रांगत्या गाडीत इंजिन बंद करण्याची सवय ही बाईंची गंभीर चूक, आणि ती चढावर जवळजवळ अंगाशी आली होती. ताकद गेली आणि इंजिन चालू असेल तर ते चालूच ठेवायचं: ॲक्सिलरेटर सोडा, लगेच हॅझार्ड लावा, ब्रेकला हलका स्पर्श करून मागच्याला दिवे दाखवा, आणि वेग आहे तोवर कडेला या. हॅझार्डला त्यांना सहा-सात सेकंद लागले, असं त्यांचा अंदाज सांगतो. ८० च्या वेगात एका सेकंदात २२ मीटर जातात. उतारावर हेच झालं असतं तर इंजिनाचा ब्रेकही मिळाला नसता आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर आला असता. त्याचा विचार आम्ही नंतर केला, आधी कोणीच नाही.

मुलाला न सांगणं ही मला याहूनही मोठी चूक वाटते. अनुभवी चालकाच्या हातात जो बिघाड ‘नेहमीचाच’ होता, तो नवख्याच्या हातात पहिलाच असणार होता.

आणि माझा फोन. पेटून विझलेला दिवा म्हणजे मिटलेला दोष नाही, हे मला माहीत असायलाच हवं होतं, आणि माहीत होतंही. तरी मी दोन मिनिटांत बोलणं संपवलं. आता असा फोन आला की मी चार प्रश्न विचारतो: किती वेळा, किती तापल्यावर, कोणत्या वेगात, आणि गाडी आणखी कोण चालवतं?

बाई तीच गाडी चालवतात. दाराच्या खणात एक छोटी वही असते, पेन दोऱ्याने बांधलेलं. दुरुस्तीनंतर अकरा महिन्यांत तिच्यात दोनच नोंदी झाल्या आहेत. दुसरी मुलाच्या अक्षरात आहे: ‘सकाळी ७.१०, थंड गाडी, रिव्हर्स दीड सेकंद. आईला सांगितलं.’